काळ्या दगडाचा पंचनामा

चारठाण्याचा स्तंभ फोटोत फार देखणा येतो. गुडघ्यावर बसायचं, कॅमेरा वर करायचा, भोवतालचं गाव चौकटीबाहेर ठेवायचं आणि मागे पावसाळा सरल्यावरचं धुतलेलं आभाळ घ्यायचं. वाऱ्यापावसाने झिजलेला काळा दगड, त्यावर तिरपं ऊन आणि एवढ्या मोठ्या आभाळात एकटाच उभा असलेला तो खांब. यादवकाळ जणू काल संध्याकाळीच इथून उठून गेला, असं वाटायला लावणारा फोटो.

फोटो खोटा नाही. पण उद्या त्या स्तंभाचं काही बरंवाईट झालं, तर तो कुणाच्याही कामाचा नाही. स्तंभ किती कललाय, ते त्यात कळत नाही, कारण कॅमेरा वर केल्यावर सगळ्याच उभ्या रेषा आत झुकतात. तळाशी चौथऱ्याचा सांधा किती उघडलाय, ते दिसत नाही, कारण तळ कापलेला असतो. शेजारचं बांधकाम किती जवळ आलंय, तेही कळत नाही, कारण तेच तर टाळायचं होतं. देखण्या फोटोत जे जे टाळलेलं असतं, नेमकं तेच दुरुस्ती करणाऱ्याला हवं असतं.

परभणी जिल्ह्यातल्या जुन्या वास्तू बघत हिंडताना हा पेच गावोगाव भेटतो. जिंतूरहून जालन्याच्या वाटेवर चारठाणा आहे. इथे एके काळी तीनशेसाठ देवळं आणि तीनशेसाठ विहिरी होत्या, असं गावात सांगतात. आकडा दंतकथेतला असेल. पण गोकुळेश्वर, उकंडेश्वर, नृसिंहतीर्थ असं एकेक पाहत गेलं, की ती दंतकथा रुजायला इथली जमीन किती तयार होती ते उमगतं. सेलू तालुक्यात वालूरची गोल बारव आहे. परभणीजवळ पिंगळीला पिंगळेश्वर आणि त्याची बारव आहे. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर आहे, पाथरी तालुक्यात गोदावरीच्या पात्रातच उभं असलेलं मुदगलचं देऊळ आहे आणि जिंतूरच्या डोंगरात नेमगिरीची जैन लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याला निघालेला पर्यटक या वाटेला सहसा येत नाही. येतात ते हौशी छायाचित्रकार, थोडे अभ्यासक आणि अलीकडे मोबाइल घेतलेली तरुण मुलं. या वास्तूंचं पुढे काय होणार, यात या मंडळींचा हात आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

दगड काळा, माती काळी

समुद्रकाठच्या जुन्या गावांत इमारत खाते ती खारी हवा. अलिबाग-मुरूडकडच्या जुन्या वाड्याचे गज पाहावेत. लोखंड गंजतं, फुगतं आणि भोवतीचा दगड-चुना फोडून बाहेर येतं. परभणीला समुद्र नाही. इथे वास्तूच्या मुळावर येते ती जमीन.

ही काळी कसदार माती कापसाला उत्तम आणि पायाला वैरीण. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वर्षातून एकदा फुगायचं, एकदा आकसायचं, हा खेळ आठ-नऊ शतकं चालला आहे. इथली मंदिरं बांधली ती बहुतेक चुन्याशिवाय. घडीव दगडावर घडीव दगड ठेवायचा, खाचेत खुंट बसवायचा आणि भाराने भार तोलायचा. जमीन समान हलली तर हे बांधकाम तग धरतं. भिंतीच्या एकाच बाजूला सांडपाणी मुरू लागलं, की एकच कोपरा खचतो. मग वरचा दगड जागेवरून थोडा सरकतो, सांधा उघडतो, त्यात माती जाते आणि मातीत पिंपळाचं बी पडतं. पुढचं काम पिंपळ करतो.

दगडाचीही स्वतःची एक कथा आहे. दख्खनचा हा काळा पाषाण लाव्हाच्या थरांतून झाला. काही थर इतके एकजीव, की त्यात सुरसुंदरीच्या हातातल्या बांगडीची कड आजही नखाला लागते. काही थरांत वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पांढऱ्या खनिजांनी भरल्या. ऊनपावसात हे पांढरे दाणे आधी निखळतात आणि दगडाला देवीचे वण पडल्यासारखे खड्डे उरतात. दगडातलं लोह गंजून वरचा पापुद्रा तांबूस होतो, मग पापुद्राच सुटतो. आपण कॅमेऱ्यात टिपतो तो सुंदर तांबूस-करडा पोत म्हणजे शिल्पाची वरची कातडी निघत असल्याची खूण असते. जुनेपणाचं सौंदर्य आणि जुन्याचा नाश यांच्यात इथे तसूभरही अंतर नसतं.

शिखरं तर बहुतेक ठिकाणी गेलेलीच आहेत. खालचं बांधकाम दगडी आणि वरचं शिखर विटांचं, अशी अनेक मंदिरांची रचना होती. विटा आधी ढासळल्या. धारासूरचं महत्त्व यासाठी मोठं, की तिथे विटांच्या शिखराचा बराच भाग टिकला आणि अशी देवळं पुरी कशी दिसत असतील याचा अंदाज देणारा पुरावा उरला. या सगळ्यांना लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा अधिकारी. मराठवाड्यातली कितीतरी देवळं त्याच्या आधीची आहेत.

कॅमेरा आला, पण आडवाटेला नाही

वास्तूंचे फोटो काढण्याची सुरुवात झाली तीच मुळी दुरुस्तीसाठी. 1851 साली फ्रान्सच्या स्मारक आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवलं. काम असं होतं, की कोणत्या वास्तूची डागडुजी आधी करायची ते ठरवता यावं म्हणून त्यांची आजची अवस्था टिपून आणायची. कार्कासोनचा कोट नव्याने बांधून काढला जाण्याआधी कसा होता, ते आज पाहता येतं ते त्या मोहिमेमुळे.

ही विद्या मुंबईत पोचायला वेळ लागला नाही. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या कारभारात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते आणि ते स्वतः छायाचित्रकार होते. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने थॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याला वास्तूंची छायाचित्रं घेण्याच्या कामावर नेमलं. विजापूर, बदामीची सर्वांत जुनी छायाचित्रं त्या खटाटोपातून आली. मग जेम्स बर्जेस आले, पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचे अहवाल आले. निजामाच्या राज्यातल्या बीदर आणि औरंगाबाद भागावरचा त्यांचा अहवाल 1878 चा. त्यांच्यामागून हेन्री कझिन्स आले. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1931 साली निघाला.

परभणी त्या काळी निजामाच्या मुलखात. हैदराबादकडे राजा दीनदयाळ यांच्यासारखा अव्वल दर्जाचा दरबारी छायाचित्रकार होता. 1914 साली गुलाम यझदानी यांच्या हाताखाली स्वतंत्र पुरातत्त्व खातंही सुरू झालं. पण दरबाराची नजर साहजिकच राजवाड्यांवर आणि खात्याची अजिंठा-वेरूळवर. खेड्यातल्या पडक्या महादेवाकडे कोण बघणार? काचेच्या प्लेटा बैलगाडीत घालून कच्च्या रस्त्याने आडगावी नेणं हे दर वेळी झेपणारंही नव्हतं. 1948 साली हैदराबाद मुक्त झालं, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1999 च्या 1 मे रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि औंढ्याचा नागनाथ परभणीच्या यादीतून हिंगोलीच्या यादीत गेला. या सगळ्या बदलांत डॉ. गो. बं. देगलूरकर, डॉ. प्रभाकर देव अशा अभ्यासकांनी मराठवाड्यातली देवळं पायाखाली घातली. एसटीने जायचं, पुढे चालायचं, वही-टेप काढायची आणि मोजक्या रिळात बसतील तेवढे फोटो घ्यायचे. त्या फोटोंत सौंदर्याचा सोस नाही. समोरून एक, बाजूने एक, मूर्तीचा एक. आज तेच सर्वांत मोलाचे ठरतात, कारण मधल्या काळात त्यातलं काय काय गेलं ते त्यांच्याशी ताडूनच कळतं.

मे महिन्यातली बारव

बारवेचा फोटो कधी काढावा? फोटोच्या नादी लागलेल्या कुणालाही विचारलं तर तो दिवाळीनंतरचा काळ सांगेल. पाणी काठोकाठ, कडेला हिरवळ, पाण्यात उलटी दिसणारी कोनाड्यांची रांग. वेळ सकाळची, ऊन कोवळं.

नोंद करायची असेल तर मात्र मे महिना गाठावा आणि वेळ भर दुपारची. परभणी साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला इथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या सुमारास काही दिवस ऊन सरळ बारवेच्या तळाशी पोचतं आणि चारी भिंती सावलीच्या भानगडीशिवाय सारख्या उजळतात. पाणी तेव्हा सर्वांत खाली गेलेलं असतं, म्हणून एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडतात. कुठला टप्पा फुगून पुढे आलाय, कुठे दगड निखळलाय, पाण्याचा झरा कोणत्या कोपऱ्यातून येतो, हे तेव्हाच दिसतं. फोटो अगदी भकास येतो. अंगाची लाही होते, मोबाइल तापून बंद पडतो. पण दुरुस्तीला जो फोटो लागतो, तो हाच.

काळा पाषाण कॅमेऱ्याला फसवतो, हेही इथेच कळतं. कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. काळी भिंत दिसली की तो प्रकाश वाढवतो, भिंत राखाडी होते आणि त्यावरचं बारीक कोरीवकाम धुऊन निघतं. म्हणून प्रकाश मुद्दाम थोडा उतरवून घ्यावा लागतो. शिल्पाचा उठाव हवा असेल तर ऊन भिंतीला घासून जाणारं हवं. भेगा बघायच्या असतील तर ढगाळ दिवस बरा.

शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत बारवांचे नंदा, भद्रा, जया, विजया असे प्रकार सांगितले आहेत. एका बाजूने उतरायची वाट असेल ती नंदा, दोन बाजूंनी असेल ती भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारी बाजूंनी विजया. वालूरची बारव या चौकोनी हिशेबाबाहेरची. ती गोल आहे आणि पायऱ्या भिंतीला वळसे घालत खाली जातात. वरून पाहिलं की नजर त्या फेऱ्यांवरून आपोआप तळाकडे घसरते. अशी वास्तू एका फोटोत मावत नाही. कडेने फिरत, प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग पुन्हा येईल अशा बेताने, ओळीने फोटो घेत जावं लागतं. मग संगणक ते सगळे जुळवून बारवेची त्रिमिती प्रतिमा उभी करतो आणि तीवर टेप लावल्यासारखी मापं घेता येतात. पूर्वी याला मोजणीदारांची टोळी लागायची. आता चांगला मोबाइल, चिकाटी आणि सोबत धरायची एक काळीपांढरी मोजपट्टी पुरते. ती पट्टी फोटोत नको वाटते, दृश्य बिघडवते. पण पट्टी नसली की पायरी वीतभर आहे का हातभर, हे दहा वर्षांनी कुणीच सांगू शकत नाही.

फोटोने बारवा वाचतात का? महाराष्ट्रात तरी वाचल्या आहेत. रोहन काळे या मुंबईच्या तरुणाने राज्यभर फिरून बारवा नकाशावर नोंदवायला घेतल्या. गावोगावची माणसं त्यात फोटो आणि ठिकाणं घालत गेली आणि बघता बघता ती मोहीम झाली. 2022 च्या मार्चमध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख झाला. महाशिवरात्रीला बारवांत दिवे लावायचा उपक्रम गावागावांत सुरू झाला. वालूरला गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ आणि कचरा उपसून बारव मोकळी केली. पुढे टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्र-पोस्टकार्डं काढली, त्यांत परभणी जिल्ह्यातल्या बारवा दिमाखात आल्या. ज्या विहिरीत गाव कालपरवापर्यंत कचरा टाकत होतं, तिचं चित्र तिकीट लावून देशभर जाऊ लागलं.

या बारवांना अवकळा का आली, तेही सांगायला हवं. नळ आला, मग बोअर आली. बोअर जितकी खोल, तितकं बारवेचं पाणी आणखी खाली. पाणी आटलं तसा बारवेचा उपयोग संपला आणि निरुपयोगी खड्ड्याचं जे होतं तेच झालं. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा जुन्या पाणवठ्यांची आठवण पुन्हा निघाली. म्हणून बारवेच्या फोटोत तिच्या काठावरचा विजेचा पंप आणि काळा पाइप आला तर तो येऊ द्यावा. बारव कशाने कोरडी पडली, याची साक्ष त्यातच असते.

उत्तरेची भिंत

मंदिराचे फोटो पाहिले तर सर्वाधिक फोटो दर्शनी बाजूचे असतात, मग दक्षिणेच्या भिंतीचे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो, त्याचं ऊन दिवसभर दक्षिण भिंतीवर घासत राहतं आणि मूर्ती नुसत्या उजळून निघतात. उत्तरेची भिंत मात्र हिवाळाभर सावलीत. तिच्यावर भर दुपारचं ऊन येतं ते मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आणि त्यातला निम्मा काळ आभाळ भरलेलं असतं. गाभाऱ्यातल्या अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ते गोमुखही सहसा उत्तरेलाच. म्हणजे ओल तिथे, शेवाळ तिथे, खचणारा पाया तिथे आणि फोटो मात्र सर्वांत कमी तिथले. कोणत्याही देवळाचा एकच फोटो घ्यायची मुभा असेल, तर तो उत्तरेच्या भिंतीचा घ्यावा, गोमुखाच्या खालची जमीन दिसेल असा.

आत सभामंडपात वेगळीच अडचण. खांब चौकोनी सुरू होतो, मध्ये अष्टकोनी होतो, वर गोल चकत्यांचा होतो आणि शिरावर चार हात पसरलेले भारवाहक यक्ष तुळई तोलतात. तुळयांवर कोपऱ्याकोपऱ्यांत तिरके दगड ठेवत छत आवळत नेलेलं असतं. या छतांचे फोटो जमिनीवर पाठ टेकून घेतात. मधोमध फुललेलं दगडी कमळ सुरेख येतं. पण छताचा जीव कडेला असतो, जिथे तिरका दगड तुळईवर टेकतो तिथे. तो टेकू इंचभर सरकला तर कमळासकट सगळं खाली येतं. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली, परभणी, नांदेडला भूकंपाचे धक्के बसले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन दिवसांत प्रचंड पाऊस कोसळला. अशा धक्क्यानंतर कोणता सांधा नवा उघडला आणि कोणता आधीपासून उघडा होता, हे सांगायला धक्क्याआधीचा फोटो लागतो. कमळाच्या शंभर फोटोंतून हे उत्तर मिळत नाही.

शेंदूर, ऑइल पेंट आणि सिमेंट

काळ जेवढं नुकसान करत नाही तेवढं कधीकधी भक्ती करते. पिंपळाच्या पारावरचे वीरगळ शेंदराखाली नुसते गोळे होऊन बसलेले असतात. शेंदूर तरी बरा. थरावर थर चढून एक दिवस त्याची खोळ आपोआप सुटते आणि आतून मूर्ती जशीच्या तशी निघते. ऑइल पेंटचं तसं नाही. वर्गणी जमते, खांबांना गुलाबी, यक्षांना पिवळा, कमळाला हिरवा रंग बसतो. दगडातली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, ती आतल्या आत पापुद्रा सोडवते. मग जीर्णोद्धार येतो. उघडलेल्या सांध्यात सिमेंट भरलं जातं. दगड हलतो, सिमेंट हलत नाही, म्हणून भेग सिमेंटच्या शेजारी नव्या जागी पडते. फरशी बसते, तळखडे फरशीखाली जातात आणि खांब जमिनीतून उगवल्यासारखे दिसू लागतात.

यात गावकऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांच्यासाठी ते देऊळ आहे, अवशेष नाही. त्यांचा महादेव त्यांना स्वच्छ आणि लखलखीत हवा असेल तर त्यात गैर काय? सरकारची संरक्षित वास्तूंची यादी आहे. केंद्राचा कायदा 1958 चा, राज्याचा 1960 चा. केंद्रीय संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर निर्बंध, ही 2010 ची दुरुस्ती. पण खेड्यापाड्यातली कितीतरी देवळं कोणत्याच यादीत नाहीत. त्यांचा वाली गावच आहे. गावाला आपण मुंबई-पुण्याहून जाऊन ‘रंग देऊ नका’ एवढंच सांगितलं, तर गाव ऐकून घेतं आणि पुढच्या यात्रेला रंग देतं. मूळ दगडाचा जुना फोटो मोठा करून देवळात लावलेला असेल तर गोष्ट वेगळी. ‘आपलं देऊळ असं होतं’ हे पाहणारा माणूस ब्रश हातात घेण्याआधी जरा थांबतो.

म्हणूनच रंगवलेल्या खांबाकडे पाठ फिरवून कोपऱ्यातली एक कोरी शिळा शोधणारा छायाचित्रकार अर्धंच काम करतो. गुलाबी खांबाचाही फोटो घ्यायला हवा. रंग काढायचा दिवस उजाडलाच, तर किती थर, कोणता रंग, कुठवर, हे त्याच फोटोवरून ठरेल.

‘मोजणी हाय का?’

कॅमेरा गळ्यात अडकवून या गावांत शिरलं की चार माणसं जमतात. ‘काय करायलेत भाऊ?’ हा पहिला प्रश्न. ‘मोजणी हाय का?’ हा दुसरा. तिसरा कुणी विचारत नाही, पण डोळ्यांत दिसतो: हे गुप्तधनवाले तर नव्हेत? अमावस्येला देवळात खड्डा खणून जाणारे लोक या भागाला नवे नाहीत. पिंडी उपटलेली, नंदी उलथवलेला, गाभाऱ्याची फरशी फोडलेली पाहिलेल्या गावाने अनोळखी माणसावर संशय घेतला तर तो रास्तच.

या संशयात छायाचित्रकाराला एक धडा आहे. मूर्तीचा जवळून काढलेला फोटो, त्यासोबत नकाशावरची अचूक खूण आणि ‘इथे कुणीच नसतं’ असं कौतुक. मूर्तिचोराला याहून जास्त काय लागतं? मोबाइल फोटोत जागेची नोंद आपोआप करतो. सुट्या, उचलून नेता येतील अशा मूर्तींचे फोटो जगजाहीर करताना ती नोंद काढून टाकावी. मूळ फोटो मात्र जागेसह, तारखेसह जपून ठेवावा.

कारण चोरी झालीच तर तोच फोटो मूर्ती परत आणतो. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतान गावचा नटराज चोरीला जाऊन थेट ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला होता. 2014 साली तो भारताला परत मिळाला. तो याच गावचा, हे सिद्ध करायला पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातली जुनी छायाचित्रं उपयोगी पडली. त्या संस्थेने 1950 च्या दशकापासून दक्षिणेतल्या देवळांत जाऊन मूर्ती टिपून ठेवल्या होत्या. समोरून, सपाट उजेडात, कसलाही अलंकार न करता. मराठवाड्यातल्या किती गावांकडे आपल्या मूर्तींचे असे फोटो आहेत? ग्रामपंचायतीच्या कपाटात सातबारा असतो, घरपट्टीची वही असते. त्याच कपाटात गावातल्या प्रत्येक मूर्तीचा समोरून घेतलेला एक फोटो का असू नये? एवढं केलं तर ‘मोजणी हाय का?’ या प्रश्नाला ‘होय काका, देवाची मोजणी हाय’ असं उत्तर देता येईल आणि संशय घेणारा माणूसच शिडी धरायला उभा राहील.

पडकं ते देखणं

पडझडीचं आकर्षण जगात सगळीकडे आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटन या समुद्रकाठच्या हवेच्या गावी 1866 साली पाण्यात लांबवर जाणारा एक लोखंडी धक्का बांधला, करमणुकीसाठी. 1975 मध्ये तो बंद झाला. 2002 च्या अखेरीस त्याचा एक भाग कोसळला, 2003 मध्ये त्याला दोनदा आग लागली. आज किनाऱ्यापासून दूर पाण्यात उभ्या त्या गंजक्या सांगाड्याचे फोटो काढायला लोक लांबून येतात. चालू होता तेव्हा निघाले नसतील एवढे फोटो तो मेल्यावर निघतात.

या आकर्षणात वावगं काही नाही, पण त्याची एक किंमत आहे. पडकी वास्तू ‘अशीच छान’ वाटू लागते. तिची डागडुजी झाली की फोटोवाले हळहळतात, ‘पूर्वीची मजा गेली’. धारासूरसारख्या ठिकाणी राज्याने जतनाचं काम हाती घेतलं. असं काम चालू असतं तेव्हा देवळाभोवती परांची उभारलेली असते, दगडांवर क्रमांक टाकलेले असतात, आवारात ढीग लागलेले असतात. या दिवसांत फोटोवाले फिरकत नाहीत. खरं तर शतकांतून एकदाच मिळणारी संधी हीच. उकललेल्या भिंतीच्या पोटात भर कशाची होती, खुंट कसे घातले होते, दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूवर पाथरवटाने काय खुणा केल्या होत्या, हे भिंत पुन्हा बंद झाली की पुढच्या पिढ्यांना दिसणार नाही. चारठाण्याच्या स्तंभावर जेवढे कॅमेरे रोखले जातात, त्यांतला दहावा हिस्सा जरी अशा ढिगाऱ्याकडे वळला, तरी यादवकालीन बांधकामाविषयी आपल्याला आजच्या कितीतरी पट अधिक कळेल.

तीच जागा, तोच कोन

उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक वास्तूसाठी चार-पाच ठरलेल्या जागा असाव्यात. कोणत्या दगडावर उभं राहायचं, कॅमेरा किती उंचीवर धरायचा, किती रुंद टिपायचं, हे एकदा लिहून ठेवावं आणि दर वर्षी दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, तेच फोटो घ्यावेत. भिंत सरळ उभी दिसेल असा कॅमेरा धरावा, मोजपट्टी आत असावी, तारीख नोंदलेली असावी. तारा, पत्र्याचे शेड, गाडी, पाइप, रंग यांतलं काहीही टाळू नये. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या अखत्यारीत परभणीतली महाविद्यालयं येतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करायचेच असतात. दर वर्षी नव्या मुलांनी जुन्या मुलांच्याच जागी उभं राहून फोटो घ्यायचा, एवढाच हा प्रकल्प. पाच वर्षांचे फोटो शेजारी ठेवले, की कोणती भिंत पोट काढतेय हे पुरातत्त्व खात्याला पत्र लिहिण्याआधी गावालाच कळेल. अर्जाला असे पाच फोटो जोडले, तर तो नुसत्या विनंतीपेक्षा भारी पडेल.

देखणा फोटो काढूच नये, असं कुणी म्हणणार नाही. वालूरच्या बारवेकडे लोकांचं लक्ष गेलं ते तिच्या त्या घेरांच्या मोहक चित्रांमुळेच. लक्ष वेधायला रूप लागतं. वाचवायला मात्र माप, तारीख आणि कुरूप तपशील लागतो. तेव्हा दोन्ही फोटो घ्यावेत, एक मनासाठी आणि एक गवंड्यासाठी. फक्त आपली नेहमीची सवय उलटवून आधी गवंड्याचा घ्यावा, मग उजेड उरला तर मनाचा. आणि मोबाइलमध्ये जागा एकाच फोटोपुरती उरली, तर मनाचा पुसून टाकावा.